पुरस्कारांचं वर्ष, आपली यादी आणि मतमोजणी : सोलापूरच्या प्रेक्षकगटासाठी सल्ला हवा

पडदानशीन

सोलापुरातल्या आमच्या २१ जणांच्या प्रेक्षकगटाला यंदापासून स्वतःचा ‘वर्षाचा मराठी चित्रपट’ निवडायचा आहे. मानचिन्ह, शाल, नारळ काही नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या पंगतीत निकाल सांगायचा, एवढंच. पण यादी करायला बसलं की पहिल्याच ओळीला गाडी अडते.

‘वाळवी’ १३ जानेवारी २०२३ ला लागला, राष्ट्रीय पुरस्कार मात्र २०२२ चा. ‘गोष्ट एका पैठणीची’ डिसेंबर २०२२ मध्ये आला, पुरस्कार २०२० चा. ‘पाणी’ने तर कहर केला. थिएटरात ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि पर्यावरणाचा पुरस्कार २०१८ चा! मग वर्ष धरायचं तरी कुठलं?

दुसरी अडचण मतांची. हात वर करून मोजलं की ज्याचा आवाज मोठा त्याचा चित्रपट जिंकतो. तिसरी, निम्म्या लोकांनी निम्मे चित्रपट पाहिलेलेच नसतात. मराठी चित्रपटाला इथे अवेळी खेळ मिळतात आणि पुढच्या शुक्रवारी तो गायब होतो.

७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांतले मोठे तीन मराठी चित्रपट मात्र सगळ्यांचे पाहून झालेत. गटाचा कौल असा : ‘आत्मपॅम्फ्लेट’ पहिला, ‘नाळ २’ दुसरा, ‘श्यामची आई’ तिसरा. तिकडे ‘सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट’ नेमका ‘श्यामची आई’. ज्यूरी आणि आपण एवढे लांब कसे?

सेन्सॉरपट्टी

वर्षाचं कोडं सोपं आहे. राष्ट्रीय पुरस्कार प्रदर्शनाची तारीख बघत नाहीत, सेन्सॉर प्रमाणपत्राची बघतात. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रमाणपत्र मिळालं तो चित्रपट त्या वर्षाचा. मग तो थिएटरात लागो, न लागो.

सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ‘सैराट’साठी अकलूजच्या रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख ६३ व्या पुरस्कारांत जाहीर झाला २८ मार्च २०१६ ला. चित्रपट लागला २९ एप्रिलला. म्हणजे आर्चीला बुलेटवर बघण्याआधी महिनाभर तिचा पुरस्कार झाला होता, कारण ते पुरस्कार २०१५ चे होते. ‘फँड्री’चंही तेच : प्रदर्शन १४ फेब्रुवारी २०१४, पुरस्कार २०१३ चा. त्याच ६३ व्या वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी ठरलेला ‘रिंगण’, ज्यात बाप-लेक पंढरपूरला येतात, तो लोकांपुढे आला थेट २०१७ मध्ये.

मधली दरी पडते कारण प्रमाणपत्र घेणं निर्मात्याच्या हातात असतं, पडदे मिळवणं नसतं. वितरक, तारीख, प्रसिद्धीचा पैसा यांत वर्ष सहज जातं. २०२० ते २०२२ च्या चित्रपटांत टाळेबंदीची भर पडली. ‘मी वसंतराव’ला गायन आणि ध्वनी दोन्हींचे पुरस्कार २०२० चे, चित्रपट लागला १ एप्रिल २०२२ ला.

तारीख शोधायची तर चित्रपट सुरू होताना पडद्यावर येणारं प्रमाणपत्र बघा. दहा सेकंदांत जातं. त्यावर क्रमांक, दिनांक, लांबी, वर्ग सगळं असतं. क्रमांकाच्या शेवटी वर्ष आणि कार्यालयाची तीन अक्षरी खूण असते. इथे फसायला होतं ते ट्रेलरमुळे. ट्रेलरला वेगळं प्रमाणपत्र असतं, त्याची तारीख चित्रपटाची म्हणून लिहू नका. ओटीटीवरच्या प्रतीत हे पान पुष्कळदा कापलेलं असतं.

तुमच्या गटाने मात्र प्रमाणपत्राच्या नादी लागू नये. प्रेक्षकाचं वर्ष प्रदर्शनाचं. ‘महाराष्ट्रात थिएटरात १ जानेवारी ते ३१ डिसेंबरमध्ये लागलेला, किंवा थिएटर टाळून थेट ओटीटीवर आला असेल तर तिथे पहिल्यांदा आलेला’ अशी एक ओळ नियम म्हणून लिहून ठेवा. महोत्सवातला खेळ मोजू नका. नाहीतर ‘साबर बोंडं’ अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जानेवारी २०२५ मध्ये, इकडे १९ सप्टेंबर २०२५ ला, असा नवा वाद उभा राहील. ‘स्थळ’ तर टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये होऊन आला आणि इथे लागला ७ मार्च २०२५ ला. तुमच्या नियमाने दोन्ही २०२५ चे.

आता ज्यूरी लांब का वाटते ते. यादीत ‘सर्वोत्कृष्ट मराठी’ ही ओळ वाचून तो सगळ्यांत मोठा मराठी पुरस्कार असं आपण धरतो. तसं नाही. भाषावार पुरस्कार रजत कमळाचे, रोख २ लाख. पदार्पणाचा, बालचित्रपटाचा आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार सुवर्ण कमळाचा, रोख ३ लाख. ७१ व्या यादीत ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडे यांना पदार्पणाचं सुवर्ण, ‘नाळ २’ला बालचित्रपटाचं सुवर्ण, ‘श्यामची आई’ला मराठीचं रजत. उतरंड लावली तर तुमचा तिसरा तिथेही तिसराच येतो, ओ!

आणखी एक, १९५४ मध्ये पहिलेच राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले तेव्हा अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचं सुवर्णपदक घेतलं होतं. ते अखिल भारतीय होतं. सुजय डहाकेंच्या चित्रपटाची तुलना त्याच्याशी करणाऱ्यांनी दोन पुरस्कारांची पायरी वेगळी आहे हे धरून बोलावं.

पूर्व भाग

यादी मराठीचीच ठेवणार काय? सोलापुरात बसून तेलुगू सोडायचं म्हणजे अर्धं गाव सोडल्यासारखं की ओ.

‘साबर बोंडं’ पाहिला असेल तर त्याच्या जोडीला ‘बलगम’ बघा. २०२३ चा तेलुगू, दिग्दर्शक वेणू येल्दंडी. दोन्हींत घरात मयत झाल्यानंतरचे दिवस आहेत. ‘बलगम’मध्ये सगळा पेच कावळा पिंडाला शिवत नाही यावर. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तेलंगणात जे पक्ष्याचं, तेच आपल्याकडे दहाव्याच्या घाटावरचं. फरक चालीचा. ‘बलगम’ हसवत, भांडवत, गाणी घालत शेवटाला रडवतो. ‘साबर बोंडं’ आवाजच चढवत नाही. कॅमेरा बहुतांशी जागचा हलत नाही, माणसं फ्रेममध्ये येतात-जातात आणि सुतकातल्या नातेवाइकांच्या ‘लग्न कधी’ या प्रश्नाचं ओझं आपोआप वाढत जातं.

‘बलगम’ला राष्ट्रीय पुरस्कार कशाचा? गीताचा, कासर्ला श्याम यांना. सर्वोत्कृष्ट तेलुगूचा गेला ‘भगवंत केसरी’ला. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीत विचारा कुठला लक्षात राहिला.

मतमोजणी

हात वर करणं बंद करा. पसंतीक्रमाची पद्धत वापरा. ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट याच पद्धतीने ठरतो, बाकी विभागांत ज्याला सर्वाधिक मतं तो जिंकतो.

प्रत्येकाने चिठ्ठीवर चित्रपट क्रमाने लिहायचे : १, २, ३, ४. पहिल्या पसंतीच्या चिठ्ठ्यांचे ढीग करायचे. २१ चिठ्ठ्या असतील तर जिंकायला ११ लागतात. कुणाचे ११ नसतील तर सर्वांत छोटा ढीग उचलायचा आणि त्यातली प्रत्येक चिठ्ठी तिच्या दुसऱ्या पसंतीच्या ढिगावर टाकायची. ११ होईपर्यंत हेच.

आकड्यांनी बघा. समजा अ ला ८, ब ला ६, क ला ४, ड ला ३. हात वर केले असते तर अ जिंकला. आता ड बाद. त्याच्या ३ चिठ्ठ्यांतल्या २ ब कडे, १ क कडे. झाले अ ८, ब ८, क ५. क बाद. त्याच्या ५ पैकी ४ ब कडे, १ अ कडे. अंतिम अ ९, ब १२. ब जिंकला. अ वर जीव टाकणारे ८ होते, पण उरलेल्यांना तो नकोसा होता. या पद्धतीत तोंडदेखलं प्रेम चालत नाही, आणि ‘बरा होता’वाल्यांचंही वजन पडतं. म्हणूनच ऑस्करच्या निकालाला काही लोक मिळमिळीत म्हणतात. तो आक्षेप खरा आहे. धाडसी चित्रपट बहुतेकदा पुष्कळांच्या यादीत पहिला किंवा शेवटचा असतो आणि इथे मार खातो. तसला चित्रपट उचलून धरायचा असेल तर पसंतीक्रमाच्या निकालाशेजारी ‘सर्वाधिक पहिल्या पसंत्या’ म्हणून वेगळं नाव जाहीर करा.

चुका होतात त्या अशा. कुणी एकच नाव लिहून थांबतं. ते नाव बाद झालं की ती चिठ्ठी संपली, ती बाजूला काढायची आणि बहुमत उरलेल्या चिठ्ठ्यांवर पुन्हा काढायचं. १९ उरल्या तर १० पुरे. दोन ढीग सारखेच लहान निघाले तर कुठला आधी उचलायचा हे मोजणीआधी ठरवा. ज्याला पहिल्या फेरीत कमी मतं होती तो आधी, आणि तिथेही बरोबरी असेल तर चिठ्ठी टाका. मोजताना दुसरी पसंती आधीच बाद झालेली असेल तर तिसरीवर जायचं, हे हमखास विसरलं जातं. ढीग मोजणारा एक आणि लिहिणारा दुसरा असू द्या.

न पाहिलेल्या चित्रपटांचं औषधही ऑस्करकडेच आहे. ९८ व्या वर्षापासून शेवटच्या फेरीत त्या विभागातले सगळे चित्रपट पाहिल्याशिवाय मत देता येत नाही. तुम्ही दोन फेऱ्या करा. नोव्हेंबरअखेर प्रत्येकाकडून पाच नावं घ्या, त्यातली सर्वाधिक वेळा आलेली सहा ठेवा. डिसेंबरात उशिरा लागलेल्या एखाद्यासाठी एक जागा राखून सात करा. मग महिनाभरात ती सात पाहणाऱ्यालाच चिठ्ठी.

दहावी रांग

गटाच्या कौलाशी असहमत.

‘आत्मपॅम्फ्लेट’ वर आला यात नवल नाही, परेश मोकाशींच्या लेखणीला टाळ्या मिळतातच. पण तिथे निवेदन एवढं बोलतं की चित्र कधी कधी नुसतं मान डोलावतं. आवाज बंद करून दहा मिनिटं बघा, किती कळतं ते तपासा. हीच कसोटी ‘नाळ २’ला लावा. छोट्या चिमीचा रुसवा, चैत्याची धडपड, सगळं चेहऱ्यांवर वाचता येतं. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी मूळचे छायालेखक, ‘सैराट’चा कॅमेरा त्यांचाच, ते इथे दिसतं. तीन पोरांना मिळून बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला तो दिग्दर्शनाचाच आहे असं मी समजतो. पोरांकडून तसं काम काढायला त्यांना ‘अभिनय कर’ न सांगता वाट बघावी लागते.

‘श्यामची आई’ तिसरा ठीक. कृष्णधवल करण्याचा निर्णय मात्र उगीच नाही. कोकणातला हिरवा रंग काढून टाकला की घरातलं दारिद्र्य पुढे येतं. रंगीत केला असता तर पर्यटनाची जाहिरात झाली असती.

आणि ज्या अभिनय पुरस्कारावर सगळ्यांनी भांडून घेतलं, शाहरुख खान आणि विक्रांत मॅस्सी, तो विभागून आहे. रोख रक्कमही विभागूनच. ‘जवान’ की ‘ट्वेल्थ फेल’ हा वाद ज्यूरीलाही सुटला नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझं मत मॅस्सीकडे. वर्गातला, गिरणीतला, परीक्षेच्या रांगेतला थकवा त्याच्या खांद्यांत दिसतो.

पडदानशीन

सेन्सॉरपट्टी, मतमोजणी, दोघांचं जसंच्या तसं घेतोय. पूर्व भाग, तेलुगू-कन्नडसाठी वेगळी चिठ्ठी ठेवू, एकत्र मोजली तर निकाल आधीच ठाऊक आहे!

आता सात चित्रपट दाखवायचे कसे? एका कार्यालयाचा छोटा हॉल मिळतोय, २१ खुर्च्या आरामात बसतात. प्रोजेक्टर भाड्याने. पडद्यासाठी एकाने पांढरी चादर सुचवलीय.

बूथवाला

सोलापुरात बसून चादर सुचवली नाही तरच नवल. पण चादर अंगावर घ्या, भिंतीवर नको. सुती कापडातून प्रकाश मागे निघून जातो आणि सुरकुत्या चेहऱ्यांवर दिसतात. चादरच लावायची असेल तर मागे काळं कापड ताणा. त्यापेक्षा गुळगुळीत भिंतीला मॅट पांढरा रंग स्वस्त आणि सरळ.

१२ फूट रुंद चित्र घ्या. १६:९ ला उंची ६.७५ फूट, क्षेत्र ८१ चौरस फूट. थिएटरचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप) धरलं तर ८१ गुणिले १४, म्हणजे साधारण ११३४ लुमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पडद्यावर पोचायला हवेत. पण भाड्याच्या प्रोजेक्टरचा दिवा जुना असतो आणि सिनेमाच्या मोडमध्ये उजेड अर्ध्यावर येतो, म्हणून २५०० ते ३००० वाला मागा. मागताना ‘एएनएसआय लुमेन’ (प्रमाणित पद्धतीने मोजलेले) हा शब्द बघा. छोट्या डब्यांवर छापलेले ९०००, १२००० हे आकडे दिव्याचे असतात, पडद्यावरचे नव्हे. खिडक्या काळ्या कागदाने बंद करा, नाहीतर वरचा हिशेब वाया.

थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून १८ फुटांवर बसतो. टेबलाखाली पुस्तकं सारून चित्र सरळ करा. कीस्टोनचं बटण दाबून कोपरे जुळवले की अक्षरं मऊ पडतात, सबटायटल वाचताना डोळे दुखतात. चित्राची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर, पहिली रांग निदान १२ फुटांवर.

रुंद स्कोप चित्रपट, म्हणजे २.३९ चा, याच पडद्यावर पाच फूट उंच दिसेल, वर-खाली काळ्या पट्ट्या. त्या झाकायला कापड लावणार असाल तर आधी सबटायटल पट्टीत पडतात का ते बघा. पुष्कळदा तिथेच असतात.

‘श्यामची आई’ दाखवताना ‘डायनॅमिक’ मोड बंद. त्यात पांढरा हिरवट होतो आणि कृष्णधवल चित्रपट शेवाळलेला दिसतो. रंगतापमान वॉर्म, म्हणजे ६५०० केल्विनच्या आसपास. चित्र गुळगुळीत करणारी मोशनची सोय असेल तर तीही बंद, नाहीतर सगळंच मालिकेसारखं वाटतं.

आवाजात सगळे एकाच ठिकाणी मरतात. संवाद ऐकू येत नाहीत, संगीत कानठळ्या बसवतं. कारण ५.१ चा, म्हणजे सहा चॅनेलचा आवाज दोन स्पीकरांवर सोडलेला असतो आणि संवादांचा मधला चॅनेल हरवतो. ॲपमध्ये आणि लॅपटॉपमध्ये आवाज स्टिरिओ करा, मग तो मधला चॅनेल दोन्हीकडे वाटला जातो. ब्लूटूथ स्पीकर नको, आवाज ओठांच्या मागे पडतो. हेडफोनच्या भोकातून तार थेट मिक्सरला. घूं असा आवाज आला तर चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगचा.

आणि हो, एप्रिल-मेमध्ये दुपारचा खेळ ठेवू नका. बहुतेक प्रोजेक्टरांची मर्यादा ३५ ते ४० अंश. आपल्याकडे बाहेरच त्याहून जास्त असतं. फिल्टरमध्ये धूळ असेल तर मध्यंतरानंतर मशीन स्वतःहून बंद पडतं आणि थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही. संध्याकाळी सातनंतर, मागच्या जाळीसमोर फूटभर जागा मोकळी.

सेन्सॉरपट्टी

बूथवाल्यांनी लावलेल्या हॉलला एक अट. घरच्या ओटीटी वर्गणीवर २१ जणांना हॉलमध्ये दाखवणं त्या वर्गणीच्या अटींत बसत नाही, ती घरापुरती असते. तिकीट नसलं तरी. निर्माता किंवा वितरकाला लिहा : तारीख, जागा, प्रेक्षक किती, शुल्क नाही, एकच खेळ. छोट्या चित्रपटांचे निर्माते बहुधा लवकर उत्तर देतात, कारण त्यांना प्रेक्षकच हवा असतो. होकार लेखी घ्या आणि प्रत कुठली देणार ते विचारा. लिंक देणार असतील तर आदल्या रात्री उतरवून पूर्ण चालवून बघा, हॉलच्या इंटरनेटवर विसंबू नका.

दरवर्षी करणार असाल तर फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न फिल्म सोसायटी म्हणून नोंदणीचा विचार करा. खेळ सभासदांपुरते राहतात आणि चित्रपट मागताना पत्राला वजन येतं.

पूर्व भाग

पुण्याचा पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, तोही धरा यादीत. तिथे मराठी स्पर्धेत संत तुकाराम पुरस्कार असतो, आणि त्यातले चित्रपट इकडे लागायला वर्ष घेतात. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी गेलं की दिवसात दोन-तीन होतात. बहुतेकदा जानेवारीतच असतो, म्हणजे नेमका सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत. काय बघायचं ते तुम्हीच ठरवा.

मतमोजणी

पिफला पाहिलेले मोजू नका. नियमाची ओळ आठवा, ‘महाराष्ट्रात थिएटरात लागलेला’. त्यात ‘तिकीट काढून कुणालाही बघता येईल असा खेळ’ एवढे शब्द वाढवा, म्हणजे महोत्सवाचा खेळ आपोआप बाहेर.

पडदानशीन

वाढवले. पहिला खेळ ‘स्थळ’चा, निर्मात्यांना पत्र आजच लिहितोय. चादर परत दिली.